रावळपिंडीचा दवाखाना पोपने काढला नव्हता

गेले आठ-दहा दिवस धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आमच्या निवृत्त नर्सांच्या ग्रुपवर तर तो तीनदा येऊन गेला. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: 'पोप आणि इंग्रज सरकार यांनी मिळून हिंदुस्थानात ननांचे दवाखाने काढले, सुरुवात रावळपिंडीपासून झाली. या नन शिकलेल्या नव्हत्या, मलमपट्टी हे नुसतं निमित्त. आपल्या बायकांना लेडी डॉक्टरची गरजच नव्हती, सुईणी होत्या. आपल्या भागातली मिशन हॉस्पिटलं त्यांचीच.' मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, त्यातली निम्मी लेबर रूममध्ये. हे वाचून गप्प बसवेना.

पहिलं, पोपने दवाखाने काढले. इतिहास नेमका उलटा आहे. ननांनी वैद्यकी करू नये, बाळंतपणाला तर हातच लावू नये, असा कॅथलिक चर्चचा दंडक होता. रावळपिंडीचं सेंट कॅथरिन हॉस्पिटल 1909-10 च्या सुमारास उभं राहिलं ते अ‍ॅग्नेस मॅक्लॅरेन या स्कॉटिश डॉक्टरबाईंच्या खटपटीने. त्या नन नव्हत्या, आणि कॅथलिकही साठी उलटल्यावर झाल्या. दवाखान्यात काम करायला नन होत्या, पण त्यांना डॉक्टर व्हायची परवानगी नव्हती. ती मिळावी म्हणून मॅक्लॅरेनबाईंनी रोमकडे वारंवार अर्ज-विनंत्या केल्या. 1913 मध्ये त्या वारल्या, तोवर दंडक जागचा हलला नव्हता.

त्यांचं काम पुढे नेलं अ‍ॅना डेंगेल या ऑस्ट्रियन मुलीने. दोघींची पत्रापत्री झाली होती, भेट मात्र कधीच झाली नाही. अ‍ॅना 1919 मध्ये डॉक्टर झाली, 1920 ला रावळपिंडीत आली आणि चार वर्षं तिथे राबली. एकटीने हे काम पुरं पडणार नाही हे कळल्यावर 1925 मध्ये तिने वॉशिंग्टनला नवा संघ काढला, मेडिकल मिशन सिस्टर्सचा. सुरुवातीला जणी किती? चार. दोन डॉक्टर, दोन नर्स. दंडक कायम असल्यामुळे त्यांना रीतसर ननांचा दर्जा मिळाला नाही. रोमने ननांना डॉक्टर आणि सुईण व्हायची मोकळीक दिली ती फेब्रुवारी 1936 मध्ये. अकरा वर्षं या बायका आपल्याच धर्मसत्तेच्या दारात थांबून काम करत होत्या, आणि मेसेज म्हणतो पोपने पाठवलं!

आता इंग्रज सरकार. मेसेज लिहिणाऱ्याचा घोटाळा बहुधा डफरिन फंडाशी झाला असावा. 1885 मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने तो निघाला, आणि बायकांसाठीचे बरेच 'डफरिन' दवाखाने त्यातून उभे राहिले. त्याचा ननांशी संबंध नाही. मॅक्लॅरेनबाईंना तर मायदेशातल्या विद्यापीठांनी दारं बंद केली होती म्हणून फ्रान्समध्ये माँपेलिएला जाऊन शिकावं लागलं. आणि अ‍ॅना शिकत होती त्याच काळात ऑस्ट्रिया इंग्लंडशी लढत होता. शत्रुराष्ट्रातली मुलगी तेव्हा ब्रिटिशांच्याच ताब्यात असलेल्या आयर्लंडमध्ये कॉर्कला शिकायला राहिली, कारण हिंदुस्थानात प्रॅक्टिस करायची तर ब्रिटिशांनी मानलेली डिग्री लागे. राज्याशी तिचा संबंध होता तो एवढा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते सुईणींबद्दलचं वाक्य. सुईणींबद्दल मला आदर आहे, माझा स्वतःचा जन्म सुईणीच्या हातचा. पण मूल आडवं आलं, वार पडली नाही, अंगावरून जायचं थांबेना, तर सुईण काय करणार? नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक रात्र सांगते. साक्रीकडून बैलगाडी आणि मग एसटी असं करत एक लेकुरवाळी आली. ड्यूटीवर पुरुष डॉक्टर. ते आत येताच तिने पदर तोंडावर ओढला आणि गुडघे घट्ट मिटून घेतले. सासू दारातून मला विचारत होती, "बाई डाक्टर नही शे का वं?" कळा थांबत नव्हत्या आणि बाई हात लावू देईना. पाऊण तास समजावण्यात गेला. ही गोष्ट 1980 नंतरची. मग 1910 च्या रावळपिंडीत, पडद्यातल्या बायकांचं काय होत असेल? परक्या पुरुषासमोर येण्यापेक्षा त्या मरण पत्करत, आणि मॅक्लॅरेनबाईंचा सारा आटापिटा त्यासाठीच होता.

आणि ही गरज आपल्या माणसांनी आधीच ओळखली होती. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे 1886 मध्ये त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. रखमाबाई लंडनहून शिकून आल्या आणि सुरतेला बायकांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम करत राहिल्या. सुरत म्हणजे नंदुरबारवाल्यांचं शेजारघर, ताप्तीलाइनने काही तासांचं. गरज नव्हती, तर या दोघींनी एवढी निंदा-नालस्ती कशासाठी सोसली?

'शिकलेल्या नव्हत्या' हेही खोटं. मेरी ग्लॉउरी ही ऑस्ट्रेलियन डॉक्टर 1920 मध्ये आंध्रातल्या गुंटूरला आली. तिला नन असूनही वैद्यकी करायची खास परवानगी मिळाली होती. 1943 मध्ये तिने कॅथलिक दवाखान्यांची देशपातळीवरची संघटना उभी केली. मदर तेरेसा तेव्हा शाळेत शिकवणाऱ्या नन होत्या. 1948 मध्ये झोपडपट्टीत काम करायचं ठरल्यावर त्यांना पाटण्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात, या मेडिकल मिशन सिस्टर्सकडे, इंजेक्शन द्यायला आणि बाळंतपणं करायला शिकावं लागलं. मीठ-भातावर राहायचा त्यांचा बेत ऐकून तिथल्या ननांनी बजावलं, असं खाल्लंत तर आजारी पडाल, मग रोग्यांचं कोण बघणार? हे मलमपट्टीचं निमित्त करणाऱ्यांचं बोलणं वाटतं का?

धर्मप्रसाराचा मुद्दा मी टाळत नाही. त्या मिशनरी होत्या, संघाच्या नावातच मिशन आहे, आणि धर्मांतरावर ज्याला वाद घालायचाय त्याने जरूर घालावा. पण त्यासाठी त्यांची डॉक्टरकी खोटी ठरवायची गरज नाही.

राहिलं आपल्याकडचं. नवापूर तालुक्यातलं चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल प्रॉटेस्टंट परंपरेतलं आहे, मिरजेचं वॉनलेसही तसंच. कॅथलिक ननांनी ती काढलेली नाहीत. एवढं तर कुणालाही विचारून कळलं असतं.

मेसेज पुढे पाठवणाऱ्या आमच्याच मैत्रिणींना एकच आठवण करून देते. वॉर्डात रात्री तीन वाजता "सिस्टर, सलाईन सरी गयी वं!" (सलाईन संपली) अशी हाक यायची आणि आपण धावायचो. ती 'सिस्टर' ही हाक ननांकडूनच आपल्याकडे आलीय. रुग्णसेवा करणाऱ्या धर्मभगिनींचं ते संबोधन, इंग्रजी दवाखान्यांतून आपल्या गळ्यात पडलं आणि आपण ते तीस वर्षं मिरवलं. रावळपिंडीला मेडिकल मिशन सिस्टर्सनी 1927 मध्ये काढलेलं होली फॅमिली हॉस्पिटल आता पाकिस्तानातल्या पंजाब सरकारचं आहे, आणि बाळंतपणं तिथे अजूनही होतात.