नव्वद सेकंदांत संगीत नाटक

टीव्हीवरच्या नाट्यगीत स्पर्धेची परवाची महाअंतिम फेरी मध्यरात्रीपर्यंत बघितल्यावर कुणालाही वाटेल, आपणही अशी संगीत नाटकाची स्पर्धा काढावी. अवश्य काढा. फक्त संगीत आणि नाटक एवढ्या दोन गोष्टी कटाक्षाने टाळा.

आधी नाटकाचा निकाल लावू. पद, म्हणजे नाटकातलं गाणं, संवादातून उगवतं, ही जुनी समजूत. पात्राचं शेवटचं वाक्य पडतं, त्याच्या शेवटच्या शब्दाला ऑर्गनवाला सूर देतो आणि नट बोलता बोलता गाण्यात शिरतो. हे सगळं छाटा. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी कुणासाठी झुरते, ‘मानापमान’मधल्या भामिनीचा तोरा कुणापुढे उतरतो, हे प्रेक्षकाला कशाला हवं? ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये एकच पद पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गायकांच्या दोन वेगळ्या चालींत आहे. दोन घराण्यांचं अख्खं भांडण त्या फरकात आहे. तुम्ही दोन्ही चाली एकमेकींना जोडा आणि खाली ‘मॅशअप’ लिहा.

नऊ वर्षांच्या मुलीला ‘एकच प्याला’तल्या, दारुड्या नवऱ्यापायी उद्ध्वस्त झालेल्या सिंधूचं पद द्या, आणि हसत गायला सांगा.

पोशाखाला शालू आणि नथ. पात्र शकुंतलेचं असलं तरी.

वेळ नव्वद सेकंद. गणित सोपं आहे. मध्यलय त्रिताल, म्हणजे मध्यम गतीचा सोळा मात्रांचा ताल, मिनिटाला एकशेवीस मात्रा धरा. सोळा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, आठ सेकंदांत संपतं, म्हणजे नव्वद सेकंदांत जेमतेम अकरा आवर्तनं. मुखडा दोनदा आणि अंतरा एकदा म्हटला की सहा-सात गेली. उरलेल्या चारांत राग उलगडायचा, भाव दाखवायचा आणि समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. जमणार नाहीच, म्हणून तिथे सरळ एक सपाट तान टाका. परीक्षक तानेलाच उभे राहतात.

साथ हा अनावश्यक खर्च. ऑर्गनवाला नटाच्या तोंडाकडे बघत पायांनी भाता मारतो, नट श्वास घ्यायला थांबला की ती जागा भरतो. तबलजी नटाने लांबवलेल्या आलापामागे लय सांभाळून ठेवतो. एवढी माणसं पोसण्यापेक्षा ट्रॅक लावा. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. गायक अर्धी मात्रा रेंगाळला तर तो ट्रॅकच्या मागे पडला, असं परीक्षकांकडून ऐकवा. ‘वन्समोअर’चा प्रश्नही आपोआप सुटतो.

आता खरी कला: आवाज ‘दुरुस्त’ करणं. सॉफ्टवेअरमध्ये रीट्यून स्पीड, म्हणजे सूर किती झटकन ओढून जागेवर आणायचा ते, शून्यावर ठेवा. मग गळ्यातून काहीही आलं तरी ते जवळच्या बारा स्वरांपैकी एकावर जाऊन आदळतं. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं. इथे तिचा जिना होतो, प्रत्येक पायरी वेगळी ऐकू येते. दरबारी रागाचा गंधार आंदोलन घेत, म्हणजे हळू झुलत, नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा खाली राहतो. तुमचं यंत्र त्याला बेसूर ठरवतं आणि ओढून ‘बरोबर’ जागी बसवतं. ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बंदी घातली, तेव्हाचा एक मोठा आक्षेप हाच होता की पेटीत मींड निघत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधली बारीक अंतरं, लागत नाहीत. ती बंदी योग्य होती की नाही यावर खुशाल भांडू, पण निदान तेव्हा पेटीने गळ्यासारखं व्हावं अशी अपेक्षा होती. तुम्ही जित्याजागत्या गळ्याची पेटी करून ठेवली! दहा-दहा वर्षं रियाझ केलेली पोरं असतात ती. सगळ्यांचे आवाज एकाच साच्यातून काढायचे, आणि वर परीक्षकांनी म्हणायचं, ‘काय सुरेल लागलाय!’ अहो, लागणारच. चुकायची सोयच कुठे ठेवलीत?

मतदान ॲपवर. ज्याच्या गावात नेटवर्क चांगलं, तो गंधर्व.

पडद्यावरच्या पाटीत संगीतकार म्हणून ‘पारंपरिक’ लिहा. शोधायला वेळ लागत नाही.

नाही, हे मात्र पुरे झालं. ‘मानापमान’ 1911 सालचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ‘स्वयंवर’ 1916 चं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. ‘मत्स्यगंधा’ 1964 चं, चाली जितेंद्र अभिषेकीबुवांच्या. ही परंपरा नाही, ही माणसं आहेत. त्यांना नावं आहेत, आणि ती कुठल्याही जुन्या नाट्यपुस्तिकेत छापलेली सापडतात. प्रायोजकाचं नाव प्रत्येक विश्रांतीआधी तीनदा घेता, मग संगीतकाराचं एकदा घ्यायला जीभ का अडखळते?

वेळ नाही, हे कारण सांगू नका. आई-वडिलांना मंचावर आणून रडवायला वेळ आहे, परीक्षकांच्या नव्या सिनेमाच्या जाहिरातीला आहे, निकालाआधीच्या त्या न संपणाऱ्या ढोलाला आहे. तेवढ्यात दहा मिनिटांचा एक प्रवेश सहज होतो, दोन पदांसकट, गद्यासकट. गोव्यात जत्रेला देवळापुढे अख्खी नाटकं उभी राहतात. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी मंडळी नोकऱ्या सांभाळून संगीत नाटकाचे सगळे अंक करतात. त्यांच्यातला एक ऑर्गनवाला आणि एक तबलजी बोलवा, नीट मानधन द्या. पैसे कमी पडत असतील तर तो मंचावरचा धूर बंद करा.