शिचंग कोणी बुडवलं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो आहे : ‘चीनचं अटलांटिस! १३०० वर्षांपूर्वीचं तटबंदीचं शहर एका रात्रीत पाण्यात गडप झालं. शतकानुशतकं कुणालाच पत्ता नव्हता. २००१ मध्ये पाणबुड्यांना सापडलं, तेही जसंच्या तसं!’ सोबत निळ्याशार पाण्यात उभ्या असलेल्या वेशी आणि कमानी. वाचायला सुरस आहे, पण त्यातून लाखो माणसं वगळली गेली आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

शहराचं वय मात्र बरोबर आहे. झेजियांग प्रांतातलं शिचंग तांग घराण्याच्या काळात, इ.स. ६२१ मध्ये, सुईआन तालुक्याचं ठाणं झालं. मागच्या ‘पाच सिंहांच्या’ डोंगरावरून त्याला शिचंग, म्हणजे सिंहनगर, हे नाव मिळालं. फोटोतली तटबंदी मात्र इतकी जुनी नाही. ती मिंग घराण्याच्या काळातली, सोळाव्या शतकातली. एका कमानीवर तर १७७७ सालचा लेख आहे. म्हणजे एकाच काळात गोठलेलं हे शहर नव्हे. पिढ्यान् पिढ्या तिथे बांधकाम होत राहिलं, लोक राहत राहिले.

आता ‘एका रात्रीत गडप’. भूकंप नाही, शाप नाही, कसलंही गूढ नाही. शिनआन नदीवर १९५७ मध्ये धरणाचं काम सुरू झालं. उंची १०५ मीटर, उद्देश शांघाय-हांगचौकडे वीज नेण्याचा. आराखडाही आपला आणि यंत्रंही आपली, असं हे चीनचं पहिलं मोठं जलविद्युत केंद्र. पंतप्रधान चाऊ एन लाय एप्रिल १९५९ मध्ये स्वतः पाहणीला आले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाणी अडवलं गेलं आणि खोरं भरू लागलं. त्याच्या आदल्या वर्षीच सुईआन तालुका शेजारच्या छुनआनमध्ये विलीन करून टाकला होता. शहर बुडणार हे सरकारदरबारी आधीच ठरलेलं होतं.

‘शतकानुशतकं कुणालाच पत्ता नव्हता’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खुपतं. १९५९ ते २००१ म्हणजे बेचाळीस वर्षं. या धरणामुळे तालुक्याच्या ठाण्याची दोन गावं आणि तेराशेहून अधिक खेडी पाण्याखाली गेली, सुमारे २ लाख ९० हजार माणसं उठवली गेली. तो ‘मोठ्या झेपे’चा, म्हणजे माओच्या झटपट औद्योगिकीकरणाच्या मोहिमेचा काळ. नवे विचार जास्त न्या, जुनं सामानसुमान कमी न्या, अशी घोषणा या धरणग्रस्तांना ऐकवली जात होती. पिढ्यांची घरं सोडून निघालेल्या माणसांना ही घोषणा! कितीतरी कुटुंबं शेजारच्या च्यांगशी प्रांतात गेली, आणि नव्या जागी पाय रोवायच्या आत दुष्काळाची वर्षं आली. शिचंगच्या गल्ल्यांमध्ये लहानपण गेलेले लोक २००१ मध्ये पन्नाशी-साठीत होते. त्यांना आपलं गाव कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं.

मग २००१ मध्ये ‘सापडलं’ काय? स्थानिक पर्यटन खात्याच्या अधिकाऱ्याने बीजिंगच्या हौशी पाणबुड्यांना बोलावलं, ते खाली उतरले आणि तट-कमानी अजून उभ्या असल्याचं दिसलं. ही बातमी मोठीच होती, पण शोध हरवलेल्या शहराचा नव्हता. आणि ज्या तळ्यात हे सगळं आहे ते छिआनदाओ, म्हणजे हजार बेटांचं तळं, काही आडबाजूला नाही. डोंगरांचे माथे बेटं होऊन वर राहिले, तिथे पर्यटक बोटीतून फिरतात. याच तळ्याचं पाणी बाटल्यांत भरून देशभर विकलं जातं, आणि २०१९ पासून हांगचौच्या नळांनाही येतं.

‘जसंच्या तसं’ यात अर्धं तथ्य आहे. ऊन, वारा, पाऊस लागत नाही, खोलवरचं पाणी थंड असतं, म्हणून दगडावरचं कोरीवकामच नव्हे तर काही लाकडी तुळया आणि जिनेही टिकले. २०११ मध्ये प्रांत सरकारने या अवशेषांना संरक्षण दिलं, हे चांगलंच झालं. पण गाळही साचला आहे, आणि पाणबुड्याला विजेरीच्या उजेडात जेमतेम काही मीटर दिसतं. त्यामुळे अख्खं शहर एका नजरेत दाखवणारं ते निळं दृश्य कॅमेऱ्यात मावूच शकत नाही. ते चित्रकाराने रचलेलं आहे.

हा मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर ‘गडप झालं’ खोडून ‘१९५९ मध्ये धरणासाठी बुडवलं’ असं लिहा, आणि २ लाख ९० हजार हा आकडाही घाला.