बोजा उतरवला का?

१९९८ साली घेतलेलं आमचं क्वीन्समधलं घर अखेर विकलं. अभिनंदनाचे मेसेज पोचले, आभार. पण घर विकल्यावर ग्रुपवर टाकलेल्या फोटोत आम्ही दोघं इतके दमलेले का दिसतोय, असं चौघांनी विचारलं, म्हणून हे लिहितेय. विशेषतः ज्यांची न्यूयॉर्क सिटीत घरं आहेत आणि 'दोन-तीन वर्षांत विकून मुलांजवळ जाऊ' असं चाललंय, त्यांनी जरा वेळ काढून वाचा.

ऑक्टोबरच्या शेवटी करारावर सह्या झाल्या. भाव मनासारखा, घेणारं जोडपं तरुण, गोड. दोन आठवड्यांनी आमच्या वकीलबाईंचा फोन आला. टायटल रिपोर्ट (घराच्या मालकीचा नि त्यावरच्या बोज्यांचा तपास) आलाय, त्यात दोन गोष्टी निघाल्यात. एक, २०११ ची साइडवॉकची, म्हणजे फूटपाथ दुरुस्तीची, नोटीस. दोन, २००६ मध्ये घेतलेली होम इक्विटी लाइन (घर तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज). मी म्हटलं, अहो, दोन्ही कधीच मिटल्यात. त्या शांतपणे म्हणाल्या, "मिटल्या असतील. रेकॉर्डवर उघड्या आहेत."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. बाबांनी गावच्या सोसायटीचं पीककर्ज फेडलं, पावती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आणि विषय संपला असं समजले. पुढे जमिनीचा तुकडा विकायला काढला तर सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात बोजा तसाच. मग बेबाकी (कर्ज बाकी नसल्याचा) दाखला आणा, तलाठ्याकडे अर्ज द्या, फेरफार होईपर्यंत थांबा. तेव्हा आम्ही बहिणी बाबांना हसलो होतो. मी तर चांगलीच हसले होते.

आता साइडवॉकचं. इकडे नवीन असलेल्यांना आधी हेच पटत नाही की घरासमोरचा सार्वजनिक फूटपाथ दुरुस्त करायचा घरमालकानं. जागेवर हक्क लोकांचा, खर्च आपला. पण न्यूयॉर्क सिटीचा कायदा तसाच आहे. डीओटीचा, म्हणजे सिटीच्या वाहतूक खात्याचा, इन्स्पेक्टर येतो, लाद्या बघतो (त्यांच्या भाषेत 'फ्लॅग'), दोन लाद्यांच्या पातळीत अर्धा इंच फरक दिसला तरी तो दोष. अर्धा इंच! पुण्यात याला आपण सपाट फूटपाथ म्हणतो. लादी फुटलेली, खालून पोकळ झालेली, भलतीकडे उतरती, हेही दोषच.

या नोटिशीत दंड नसतो, आणि फसायला होतं ते इथेच. दंड नाही म्हणजे घाई नाही असं वाटतं. पण तिची नोंद काउंटी क्लर्ककडे (सरकारी नोंदी ठेवणारं ऑफिस) तुमच्या घराच्या नावावर होते. सध्या दुरुस्तीला ७५ दिवस मिळतात. तुम्ही नाही केलं तर सिटी आपला काँट्रॅक्टर लावून काम करून घेऊ शकते आणि बिल तुम्हाला पाठवते. ते थकलं की प्रॉपर्टी टॅक्स थकल्यासारखंच, घरावर लीन चढतं, म्हणजे आपला बोजाच.

आम्ही तर दुरुस्ती केली होती! २०१२ च्या उन्हाळ्यात, ओळखीतल्या एका गवंड्याकडून, रोख पैसे देऊन, दोन दिवसांत. परमिट काढलं नाही. काम झाल्यावर ३११ ला (सिटीचा मदत नंबर) फोन करून 'या, बघून जा आणि नोटीस काढून टाका' असं सांगायचं असतं, त्याला डिसमिसल इन्स्पेक्शन म्हणतात, हे माहीतच नव्हतं. तपासणीत पास झालं की डीओटी काउंटी क्लर्ककडे कळवते आणि मगच नोंद निघते. आम्ही काँक्रीट ओतलं, कागद ओतायचा राहिला.

बरं, आता इन्स्पेक्शन मागवावं, तर मधल्या वर्षांत समोरच्या झाडाने आपलं काम केलेलं. मी फूटपट्टी घेऊन ओणवी झाले. मुळांनी एक लादी उचललेली, पट्टीवर पाऊण इंच भरला. आणि ड्राइव्हवेसमोरची लादी, त्याच गवंड्याने केलेली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडकलेली. गाडी जाते तिथलं काँक्रीट नेहमीच्या चार इंचांपेक्षा जाड लागतं, याने सगळीकडे सारखंच ओतलेलं. स्वस्तात झालं म्हणून तेव्हा किती खूश होतो आम्ही.

झाडाबद्दल एक दिलासा आहे, तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. २०१९ पासून एक ते तीन कुटुंबांच्या घरांसमोर नुकसान फक्त सिटीच्या झाडामुळे असेल तर असा बोजा चढवत नाहीत, आणि जुना असेल तर तपासणी मागून काढून घेता येतो. पण 'फक्त' या शब्दावर सगळं अडतं. आमची तडकलेली लादी झाडापासून चांगली लांब, त्यामुळे आमचं प्रकरण त्यात बसेना.

तोवर नोव्हेंबर संपत आला. गारठ्यात कुणी काँक्रीट ओतायला तयार नाही. शेवटी जानेवारीत क्लोजिंग (विक्रीचा अंतिम व्यवहार) झालं ते दुरुस्तीच्या अंदाजाच्या दीडपट रक्कम वकिलांकडे एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत राखून, अडकवून. एप्रिलमध्ये, दुसऱ्याच्या झालेल्या घरासमोर उभं राहून, आम्ही आमच्या खर्चाने फूटपाथ करून घेत होतो. या वेळी परमिट काढून.

होम इक्विटीचं प्रकरण छोटं पण जास्त चीड आणणारं. २००९ मध्ये शेवटचा डॉलर फेडला होता. पण ही लाइन म्हणजे उघडी वही. बाकी शून्य झाली तरी खातं चालूच राहतं, तुम्ही लेखी कळवून बंद करा म्हणेपर्यंत. ते आम्ही कळवलंच नव्हतं, त्यामुळे सॅटिसफॅक्शनचा (कर्ज फिटल्याचा) कागद नोंदलाच गेला नाही. मधल्या काळात ती बँक दुसऱ्या बँकेत विरघळलेली. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी ओळख पटवायला आईचं माहेरचं नाव सांगा.

आमच्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांचं मत असं की हे सगळं वकील बघतात, आपण कशाला आधी डोकं लावा. मला हे साफ नामंजूर. वकील बघतात, पण करार झाल्यावर, घड्याळ सुरू झाल्यावर. घेणाऱ्याच्या कर्जाचा व्याजदर ठरलेल्या मुदतीपुरताच असतो आणि तुमची खोकी भरलेली असतात. त्या वेळी हातात काही राहत नाही, जो जे मागेल ते द्यायचं. तेच काम वर्षभर आधी केलं तर उन्हाळा असतो आणि तीन काँट्रॅक्टरांचे भाव घेता येतात. आपल्या घराचा बरो, ब्लॉक, लॉट नंबर टॅक्सच्या बिलावरच असतो. तो टाकून सिटीच्या दस्तनोंदींच्या साइटवर, 'अ‍ॅक्रिस'वर मॉर्गेजचे कागद फुकट बघता येतात, आणि साइडवॉकच्या नोटिशी डीओटीकडे पत्त्यावरून. पाण्याचं बिलही बघा, थकलं तर तेही घरावरच बसतं.

आणि ज्यांनी न्यू जर्सीत एडिसनला जाऊन क्वीन्सचं घर भाड्याने ठेवलंय, त्यांना वेगळं सांगते. २००३ च्या कायद्याने साइडवॉकवर कुणी पडलं तर जबाबदारी मालकाची. एक ते तीन कुटुंबांच्या, केवळ राहत्या घरांना सूट आहे, पण मालक स्वतः तिथे राहत असेल तरच. तुम्ही निघालात की सूट निघाली. विमा एजंटशी बोला.

मे महिन्यात नोंद निघाल्याचं कळलं, एस्क्रोचे पैसे परत आले. नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "बेबाकी." मग आम्ही तो इतका जपून ठेवला की आता कुठल्या खोक्यात आहे ते सापडत नाहीये.