सोलापुरात पाऊस नाही, मग चेसी सडते कशानं?

मालक, नमस्कार.

पिकअपच्या चेसीवरच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. तुमचं म्हणणं असं: सोलापुरात पाऊसच कुठं पडतो, गंज हे कोकणातल्या गाड्यांचं दुखणं. तुमची पिकअप 14 वर्षं टॉवेलचे गठ्ठे वाहतेय, दरवर्षी खालून इंजिनचं जळकं ऑइल मारता आणि चेसी अजून शाबूत आहे. ज्याला फारच काळजी असेल त्यानं एकदा अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे खालून डांबरी थर, मारून मोकळं व्हावं. हप्त्यावर गाडी चालवणाऱ्याला दोन दिवस गाडी उभी करा म्हणून सांगू नये.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथं तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो. ज्याची गाडी थांबली की घर थांबतं, त्याला मी दोन दिवस सलग मागितले. तशी गरज नाही. कसं जमवायचं ते खाली सांगतो.

पावसाचं मात्र मला पटत नाही. आपल्याकडं पाऊस कमी आणि हवा कोरडी, त्याचा गाडीला फायदा होतोच. पण लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा एवढंच लागतं. ते पाणी आभाळातूनच यावं असं काही नाही. सप्टेंबरच्या पावसात मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात एक फेरी मारा आणि परत आल्यावर चेसीच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. ती माती लोण्यासारखी चिकटते. वरून वाळलेली दिसते, पण आत चार-पाच दिवस ओल धरून बसते. बाहेर कडक ऊन असलं तरी चेसीच्या कोपऱ्यात ओला पोतेरा ठेवल्यासारखं होतं.

त्यातही खरा फरक पाडतो तो माल. तुमच्या आणि माझ्या गाडीतलं अंतर नेमकं इथंच आहे. टॉवेलचे गठ्ठे म्हणजे कोरडा माल, ताडपत्रीखाली झाकलेला, भिजला तर व्यापारी घेणार नाही म्हणून तुम्हीच जपता. माझ्या गाडीनं खत वाहिलं, मार्केट यार्डात कांदा वाहिला. आपण ज्याला पोटॅश म्हणतो ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. गोणी फाटली की भुकटी फळ्यांच्या फटीतून थेट चेसीवर उतरते. युरियाचं तर सगळ्यांना माहीत आहे, उघडा राहिला की दमट हवेत स्वतःच पाणी सुटतं त्याला. क्षार विरघळलेलं पाणी साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जोरात गंज चढवतं. नासक्या कांद्याचं पाणी, जनावरांचं मूत, रत्नागिरीकडून मासळी आणणाऱ्या गाडीत वितळलेला बर्फ, सगळ्यांची गत तीच. आणि हे धुवायला आपण काय वापरतो? बोअरचं पाणी, जे वाळल्यावर काचेवर पांढरा थर ठेवतं.

म्हणून मला वाटतं, तुमची चेसी शाबूत राहिली ती मुख्यतः टॉवेलमुळं, जळक्या ऑइलमुळं नाही. ऑइलनं गंज अडत नाही असं मी म्हणणार नाही, तेलाचा थर पाणी दूर ठेवतोच. पण इंजिनमधून काढलेल्या ऑइलमध्ये काजळी, आम्ल आणि धातूचा चुरा असतो. स्प्रिंगच्या पाट्यांच्या रबरी बुशांवर आणि ब्रेकच्या होजवर ते बसलं की रबर फुगतं, मऊ पडतं. मारताना त्याचा फवारा नाकातोंडात जातो, आणि ते अंगावर येणं तब्येतीला खरोखर वाईट आहे. उरलेलं ठिबकतं ते अंगणात, विहिरीशेजारी. कायद्यानंही ते घातक कचऱ्यात मोडतं. इतकी वर्षं तुम्ही ते हातानं मारताय, याचीच मला चेसीपेक्षा जास्त काळजी वाटली.

आता कोटिंग. याबद्दल मी कळकळीनं लिहितो, कारण माझं नुकसान त्यानंच झालं. माझी पिकअप जुनी घेतलेली. घेताना खालून काळी, चकचकीत, नवीन वाटावी अशी. आठ महिन्यांनी भरल्या कांद्यासकट गाडी एका बाजूला ओढायला लागली. मेकॅनिकनं मागच्या पाट्याच्या हँगरजवळ, म्हणजे पाटा चेसीला अडकतो तिथं, हातोडी मारली तर ‘टण’ आवाज येण्याऐवजी ‘भद’ असा आला. कोटिंगचा पापुद्रा ओढला तर त्याच्यासोबत चेसीचाच तुकडा हातात आला, आतून अंगठा जाईल एवढं भोक. कोणीतरी मातीवर आणि गंजावरच कोटिंग मारलं होतं. डांबरी थराला एक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. ऐन हंगामात गाडी सहा दिवस उभी राहिली. पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी चिखलावरच काळा रंग फिरवतात, ती याचीच छोटी आवृत्ती. आठ वर्षांनंतर गाडीचं पासिंग दरवर्षी, म्हणजे दरवर्षी एक नवा थर आणि खाली तोच चिखल. स्वच्छ, कोरड्या, नव्या गाडीवर कोटिंग मारायला माझी हरकत नाही. जुन्या गाडीवर ते झाकण आहे.

शिवाय चेसी बाहेरून आत नाही, बऱ्याचदा आतून बाहेर सडते. बंद पेटीसारखा जो भाग असतो, आडव्या मेंबरचे जोड असतात, तिथं ब्रश पोचतच नाही. सगळ्यात वाईट जागा म्हणजे हौदा (माल भरतो तो भाग) आणि चेसी यांच्यामधली लाकडी पट्टी. ते लाकूड पाणी पितं आणि वर्षभर लोखंडाला चिकटून बसतं. हौदा चेसीला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या आसपास आधी तिथंच बघा.

तर पैसे आणि वेळ असा घालवा. शनिवारी संध्याकाळी खालून धुवा, पण जोराच्या फवाऱ्यानं चेसीच्या भोकांतून आत पाणी सोडून, दुसऱ्या टोकानं गढूळ पाणी निघायचं थांबेपर्यंत. खालची निचऱ्याची भोकं तारेनं मोकळी करा; सगळ्या कामात हेच फुकट आणि हेच सर्वात मोलाचं. मग गाडी उभी ठेवू नका, दोन-तीन दिवस तुमचा नेहमीचा कोरडा माल वाहा. गाडी चालवूनच चांगली वाळते. पुढच्या रविवारी सकाळी तारेच्या ब्रशनं सुटा गंज काढा. जिथं घट्ट बसलेला गंज उरतो तिथंच रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा घट्ट, रंग धरणारा थर करणारं रसायन) लावा, मग रेड ऑक्साइड आणि त्यावर काळा इनॅमल. नुसता रेड ऑक्साइड सोडू नका, तो पाणी शोषतो, वरचा रंग लागतोच.

आतल्या भागासाठी जळक्या ऑइलऐवजी आरपी ऑइल, म्हणजे रस्ट प्रिव्हेंटिव्ह (गंज अडवणारं) तेल घ्या. एमआयडीसीत मशिनशॉपवाले तयार जॉब गंजू नये म्हणून जे लावतात तेच. मेणचट थर ठेवणारं मागा, पातळ तेलासारखं नको, ते गोदामातल्या मालासाठी असतं. गाडी धुताना डिझेल फवारायच्या गनला दोन-तीन फूट प्लास्टिकची नळी जोडा, नळीचं टोक गरम करून बंद करा आणि टोकाजवळ सुईनं चहूबाजूंनी भोकं पाडा. नळी आत ढकलून मागं ओढत फवारलं की आतल्या चारही भिंती भिजतात. ब्रेकचे होज, ड्रम आणि सायलेन्सर प्लास्टिकनं झाकून घ्या, इंजिन गार असू द्या, जवळ विडी-काडी नको. खाली जुना फ्लेक्स अंथरा. ब्रश, रंग, कन्व्हर्टर आणि आरपी ऑइल मिळून माझा खर्च अडीच हजारांच्या आत गेला, आणि त्यातला रंग अजून उरलाय.

एक गोष्ट मात्र खर्च वाचवण्याची नाही. स्क्रूड्रायव्हरनं टोचल्यावर टोक आत गेलं, किंवा पानासारखे पापुद्रे सुटले, तर तिथं रंग लावू नका. ती जागा जाणत्या वेल्डरला दाखवा आणि वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढा. तोपर्यंत त्या गाडीत माल भरू नका.

मूळ लेखात दोन दुरुस्त्या केल्यात: ‘दोन दिवस गाडी उभी करा’ काढून वरची पद्धत टाकली, आणि सरसकट कन्व्हर्टर लावा असं लिहिलं होतं ते बदललं. तुमच्या गाडीच्या लाकडी पट्टीखाली काय दिसतं ते बघून इथंच लिहा. 14 वर्षं कोरडा माल वाहिलेल्या गाडीत ती जागा कशी राहिली हे मला खरंच जाणून घ्यायचंय.