टॉवर पाडण्याआधी भिशीची वही मागून घ्या

यूट्यूबवर 'रेड रोड ग्लासगो' एवढं टाका. रेड रोड म्हणजे स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातली उंच टॉवरची एक वसाहत. सुरुंग लावून टॉवर खाली बसवतानाचे व्हिडिओ धडाधड समोर येतील. वेगवेगळ्या अँगलने, स्लो मोशनमध्ये, काहींना तर संगीतही लावलंय. तिथे राहिलेल्या माणसांचं बोलणं ऐकायचं असेल तर मात्र बरीच शोधाशोध करावी लागते. आणि तरी रेड रोड नशीबवान म्हणायचा. तिथे पाडापाडीच्या आधी मुलाखती झाल्या, फोटोग्राफर घराघरांत फिरले. ब्रिटनमधल्या कितीतरी कौन्सिल वसाहतींच्या, म्हणजे महापालिकांनी भाड्याने द्यायला बांधलेल्या वसाहतींच्या मागे वर्तमानपत्रातल्या चार वाईट बातम्यांपलीकडे काही उरलेलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्लासगोच्या ईशान्येला, बालोर्नॉकजवळ, १९६४ ते १९६९ या काळात तिथल्या महापालिकेने आठ अवाढव्य इमारती उभ्या केल्या. त्यातल्या सहा ३१ मजली. त्या वेळी युरोपातल्या सर्वांत उंच रहिवासी इमारतींत त्यांची गणना व्हायची. आर्किटेक्ट सॅम बंटन. सोय सुमारे ४,७०० माणसांची, सगळी भाड्याची सरकारी घरं. राहायला आलेले बहुतेक जण जुन्या दगडी इमारतींतल्या एका-दोन खोल्यांतून आलेले, जिन्यावरचा संडास तीन-चार बिऱ्हाडांत मिळून. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या माझ्यासारख्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही! त्यांना घरात बाथरूम मिळाली, नळाला गरम पाणी आलं, खिडकीतून कॅम्प्सी टेकड्या दिसायला लागल्या. तळघरात बिंगो हॉल होता, पब होता.

पुढचं सगळ्यांनाच ठाऊक आहे, निदान ठाऊक आहे असं सगळ्यांना वाटतं. लिफ्ट बंद, भिंतींना ओल, पोरांचा उच्छाद. १९७७ मध्ये एका टॉवरला आग लागली, १२ वर्षांचा एक मुलगा गेला आणि बरीच कुटुंबं परत राहायला आलीच नाहीत. आगीपासून बचाव म्हणून पोलादी सांगाड्याभोवती अ‍ॅस्बेस्टॉस ठासून भरलेलं. ते कापणारे सुतार संध्याकाळी पांढरेफटक होऊन घरी जायचे आणि पुढे त्यातले काही फुप्फुसाच्या आजाराने गेले. हासुद्धा त्या इमारतींचा सामाजिक इतिहासच, पण भाडेकरूंच्या आठवणी गोळा करताना बांधणाऱ्यांची आठवण कुणाला फारशी होत नाही. २००० च्या सुमारास रिकामे फ्लॅट आश्रय मागायला आलेल्या परदेशी कुटुंबांना मिळू लागले. २०१२ ते २०१५ या काळात सगळं जमीनदोस्त.

त्यात २०१४ चा किस्सा तर अफलातून. ग्लासगोत कॉमनवेल्थ गेम्स होते. आयोजकांच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली, की उद्घाटन सोहळ्यात थेट प्रक्षेपणात उरलेल्या सहापैकी पाच टॉवर उडवायचे. सहावा ठेवायचा, कारण त्यात अजून ती आश्रयाला आलेली कुटुंबं राहत होती! हजारो लोकांनी विरोधात सह्या केल्या, तेव्हा कुठे बेत गुंडाळला. अखेर ऑक्टोबर २०१५ मध्ये सहाही एकदम उडवले, तर त्यातले दोन पुरते पडलेच नाहीत. खालचे मजले तसेच उभे. मला ती बातमी वाचून जरा बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आता माझा मुद्दा. जपायचं म्हणजे काय जपायचं?

लंडनच्या पॉप्लर भागात रॉबिन हूड गार्डन्स नावाची वसाहत होती. स्मिथसन या नामवंत आर्किटेक्ट दांपत्याने रचलेली, १९७२ मध्ये पूर्ण झालेली. २०१७ मध्ये ती पाडायला घेतली, तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तिचा तीन मजली उंचीचा तुकडाच उचलला. २०१८ मध्ये त्यातला काही भाग व्हेनिसच्या बिएनाले या आर्किटेक्चरच्या प्रदर्शनात मांडला. आता तो पूर्व लंडनमधल्या त्यांच्या नव्या स्टोअरहाउसमध्ये आहे. डो हो सू या कोरियन कलाकाराने आतली घरंही चित्रित केली, तेही उत्तम. पण ही वसाहत म्युझियमला दिसली ती स्मिथसन या नावामुळे. तिथे भांडी घासणाऱ्या, नमाज पढणाऱ्या, पोरांचा अभ्यास घेणाऱ्या बंगाली कुटुंबांमुळे नव्हे. काँक्रीटच्या तुकड्यावर आर्किटेक्टची सही असते. भाडेकरूची नसते. सॅम बंटनच्या अ‍ॅस्बेस्टॉस भरलेल्या खोक्याला असा मान कोण देणार?

ग्लासगोत राहायला आल्यावर आमच्या गल्लीतल्या एका आजींशी ओळख झाली. रेड रोडच्या विसाव्या मजल्याच्याही वर त्यांचं घर होतं. जोराचा वारा सुटला की कमोडमधलं पाणी डुलायचं, हे त्या अजून हाताने करून दाखवतात. त्यांच्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे, भिशीची. हो, ग्लासगोतल्या बायका भिशी चालवतात. तिला मिनॉज म्हणतात. डावीकडे नाव, शेजारी फ्लॅट नंबर, पुढे दर आठवड्याचे पैसे, दिल्याची खूण. मधेच नावांवर काट मारलेली. आगीनंतरच्या पानांवर एकामागून एक नावांवर काट आहे, कुठे कारण नाही, फक्त रेघ. वरच्या मजल्यांचे नंबर आधी गळतात. काही पानांनंतर नवी नावं येतात. कुठल्याही अहवालापेक्षा त्या वहीत मला रेड रोड जास्त दिसला. कोण कधी आलं, कोणाचे पैसे कधी थकले, कोणाचं थकल्यावर बाकीच्यांनी भरलं.

ती वही कुठल्याही संग्रहात नाही. आजींच्या सुनेने ती दोनदा रद्दीत काढली होती.

म्हणून मला वाटतं, मुलाखतींच्या आधी कागद धरावेत. भाड्याची पुस्तकं, तक्रारींचं रजिस्टर, लिफ्ट दुरुस्तीची नोंद, घर कोणाला आणि का दिलं किंवा नाकारलं याच्या फायली. आठवण वयाबरोबर गोड होत जाते किंवा कडू होत जाते. लिफ्ट अकरा दिवस बंद होती, ही नोंद अकराच दिवसांची राहते. मुलाखती घ्याव्यातच, पण शेवटपर्यंत टिकलेल्यांच्याच नकोत. जे पहिल्या पाच वर्षांत वैतागून निघून गेले, त्यांनाही गाठावं. नाहीतर सगळा इतिहास 'आमच्या वेळी दारं उघडी असायची' यावरच येऊन थांबतो.

यावर लगेच म्हटलं जातं, लोकांची खासगी माहिती आहे त्यात. मान्य. ब्रिटनमध्ये जनगणनेचे अर्ज १०० वर्षं कुलपात ठेवतात आणि मग उघडतात. तसंच ठेवा की. कुलपात ठेवणं वेगळं आणि श्रेडरमध्ये घालणं वेगळं. पैशाचा प्रश्नही मला पटत नाही. पाडण्याआधी अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी सक्तीची असते, तिचा खर्च पाडणारा मुकाट करतोच ना? त्याच टेंडरमध्ये कागद आणि माणसांच्या नोंदीसाठी एक ओळ घाला. एकूण खर्चात ती दिसणारसुद्धा नाही.

हे सगळं ग्लासगोचं मराठीत कशाला, असं कोणी विचारेल. १९२० च्या दशकात सरकारी खात्याने बांधलेल्या आपल्या २०७ बीडीडी चाळी. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामायिक संडास. वरळीत त्यांच्या जागी ४० मजली टॉवर उभे राहिलेत आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचं स्वतःचं घर, त्याचा आनंद मलाही आहे. माझी आत्या नायगावात त्याच रांगेत आहे. पण ग्लासगोतली माणसं १९६६ मध्ये जिथे उभी होती, तिथेच आपण आज उभे आहोत. लिफ्टचा मेंटेनन्स कोण भरणार, उन्हाळ्यात पंप बंद पडला की चाळिसाव्या मजल्यावर पाणी कोण चढवणार, गॅलरी गेल्यावर म्हातारी माणसं बसणार कुठे, याची उत्तरं तिकडे लोकांनी जगून शोधली. त्यातली निम्मी कुणी लिहून ठेवली नाहीत.

चाळींत तर कागद पोत्याने आहेत. गणेशोत्सव मंडळाचे जमाखर्च, जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या, व्यायामशाळेची हजेरी, गावकऱ्यांच्या खोलीचे नियम, संपाच्या काळातल्या उधारीच्या वह्या. घर हलवताना हेच सगळ्यात आधी भंगारवाल्याकडे जातं. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी, यांपैकी कुठे तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर टाकू नका. मला मेसेज करा. पुढच्या महिन्यात मी मुंबईत आहे, स्कॅनर घेऊन घरी येतो. मूळ वही तुमच्याकडेच राहील.