खुलासा: कोयनेची वीज आणि सांगलीचा पूर

"कोयनेत वीज बनवायला सोडलेल्या पाण्यामुळे सांगलीत पूर येतो" हा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

कोयनेची बहुतेक वीज सह्याद्रीच्या पश्चिमेला, पोफळी आणि अलोरे भागात तयार होते. शिवसागर जलाशयातलं (कोयना धरणामागचा जलाशय) पाणी बोगद्यांतून डोंगरापलीकडे उतरतं, पुढे कोळकेवाडी धरणात साठतं, तिथे पुन्हा वीज देऊन वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्राला मिळतं. या पाण्याचा थेंबही कृष्णेत येत नाही. उलट तेवढं पाणी पूर्वेकडून कमीच होतं.

पूर्वेला पाणी दोन वाटांनी येतं. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहातून सुमारे 2100 क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट), आणि सांडव्याच्या (जादा पाणी सोडायची वाट) सहा वक्र दरवाजांतून, तेही पाणीसाठा (क्षमता 105.25 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) ठरलेल्या मर्यादेपुढे जाऊ लागला तर. पुरात महत्त्वाचा असतो तो सांडव्याचा विसर्ग. हे पाणी कराडला कृष्णेत मिसळतं, तिथून खाली वारणेसारख्या नद्यांची भर पडते. त्यामुळे दरवाजे कधी आणि किती उघडले, हा प्रश्न जरूर विचारावा. तो रास्तच आहे.

आणखी एक: दरवाजे 5 फूट उघडले म्हणजे नदी 5 फूट चढणार असं नव्हे. आकडा क्युसेकचा पाहा. 11,574 क्युसेक दिवसभर वाहिले की 1 टीएमसी होतं.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.