पांघरुणाशी वाटाघाटी

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण हिवाळ्यात पसरले की गादीचा गार कोपरा लागतो आणि गोगलगायीसारखं परत आत जावं लागतं. गजर वाजतो, बाहेर अंधार. मी म्हणतो, ‘पाचच मिनिटं’. शरीर त्याचा अर्थ ‘उन्हाळ्यापर्यंत’ असा लावतं.

पूर्वी याला ऐदीपणा म्हणत. १९८४ साली मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी हिवाळ्यागणिक परतणाऱ्या या उदासीचं रीतसर वर्णन केलं, तेव्हा ऐद्यांची जरा अब्रू राहिली. झोप वाढते, गोडधोड खावंसं वाटतं, माणसं नकोशी होतात. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला नाही की शरीराचं घड्याळ मागे पडतं, हे त्याचं एक मुख्य कारण मानतात. घरातल्या दिव्यांखाली जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात. ढगाळ दिवशीही बाहेर हजारांत. म्हणजे आपला झगमगीत दिवाणखाना घड्याळाच्या लेखी तळघरच!

त्यावर उतारा १०,००० लक्सचा, अतिनील किरण गाळणारा दिवा. उठल्यावर तासाभरात त्याच्यापुढे ३० मिनिटं बसायचं. अंतर खोक्यावर लिहिलेलं असतं, बहुधा ४० ते ६० सेंटिमीटरच्या आत. दिवा किंचित बाजूला, डोळे उघडे, पण त्याच्याकडे टक लावायची नाही. इथेच सगळी लबाडी चालते. डोळे दिपतात म्हणून दिवा हळूच मागे सरकवला जातो. अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो. कोणी डोळे मिटून ध्यान लावतं. कोणी सकाळ हुकली म्हणून रात्री बसतं आणि बारा वाजता टक्क जागं राहतं. तिसऱ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांनी एक-दोन आठवडे दम धरावा. डोळ्याच्या पडद्याचा आजार किंवा बायपोलरचा (मन टोकाच्या उत्साहात आणि टोकाच्या उदासीत हेलकावण्याचा) त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

खिडकीशी बसलात तर उजेड मिळतो, ड जीवनसत्त्व नाही. त्यासाठी लागणारे किरण काच अडवते. बाहेर फिरणं केव्हाही सरस, पण ते सुचवणाऱ्याचा मला सकाळी राग येतो.

दोन आठवडे मन उठतच नसेल तर डॉक्टर गाठायचे; जगणंच नकोसं वाटलं तर त्याच दिवशी. त्यात विनोद नाही.

बाकी, मोजे रात्री पांघरुणातच ठेवायचे. सकाळी ते उबदार मिळतात, आतल्या आत चढवता येतात, फरशी गार लागत नाही आणि पांघरुणाचा निम्मा युक्तिवाद तिथेच संपतो.